अर्धवट सुटलेला कोर्स आणि दुसऱ्या प्रशिक्षकाचा शोध

हे प्रकरण माझ्या मोठ्या बहिणीचं आहे. तिला विचारूनच लिहितो आहे. नावं, जागा आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तिचा पहिला स्कूबा प्रशिक्षक मी सुचवला होता, त्यामुळे जे बिघडलं त्याचा बराचसा भाग माझ्याकडे येतो. तो मी झाकणार नाही, कारण नेमकी तीच चूक मी इतरांनाही करताना पाहतो.

पार्श्वभूमी

ताई तेव्हा ४३ वर्षांची होती. लहानपणापासून पोहणारी. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाच्या प्राथमिक कोर्सच्या सुरुवातीला साधारण २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं, ते तिने न दमता केलं असतं आणि केलंही. पाण्याची भीती तिला कधीच नव्हती. चष्म्याचा नंबर उणे साडेचार. आदल्या वर्षभरात सायनसने तिला दोनदा आडवं केलं होतं. या शेवटच्या दोन गोष्टी मला ठाऊक होत्या, पण त्यांचा डाइव्हिंगशी संबंध जोडायचं मला सुचलं नाही.

मी सात वर्षं डाइव्ह करतो. रेस्क्यू डायव्हरपर्यंतचं प्रशिक्षण झालंय, पण शिकवण्याची पात्रता माझ्याकडे नाही. "मला शिकायचंय, कुणाकडे जाऊ?" असं ताईने विचारलं तेव्हा मी क्षणभरही न थांबता एक नाव सांगितलं. त्या सरांबरोबर मी कितीतरी वेळा खाली गेलो होतो. प्रवाह बदलायच्या आधी त्यांना तो कळायचा, गाळ न उडवता ते खडकाच्या फटीपाशी नेऊन पोचवायचे, हजारो डाइव्हचा अनुभव होता. अशा माणसाकडे बहिणीला पाठवताना विचार तो काय करायचा?

विचार करायला हवा होता. मी त्यांना गाईड म्हणून पाहिलं होतं. ज्याला पाण्यात श्वास घेता येतो त्याला जागा दाखवणं हे एक काम आणि ज्याला येत नाही त्याला ते शिकवणं हे दुसरं. त्यांना शिकवताना मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

काय घडलं

गट आठ जणांचा होता. एक प्रशिक्षक, एक सहायक. आठ हा आकडा नियमात बसतो. समुद्रातल्या डाइव्हसाठी कोर्स चालवणाऱ्या बहुतेक संस्था एका प्रशिक्षकामागे आठच विद्यार्थी ठेवतात. वाचनाचा भाग ताईने घरीच ऑनलाइन पूर्ण केला होता. पहिल्या दिवशी आरोग्याची प्रश्नावली हातात आली आणि सहायकाने सगळ्यांना सांगितलं, "सगळीकडे 'नाही' लिहा, म्हणजे लवकर आटपेल." गेल्या १२ महिन्यांत सायनसचा त्रास पुन्हा पुन्हा झाला आहे का, असा प्रश्न त्यात आहे. कानाच्या आजाराचाही आहे. 'हो' लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. ताईने 'नाही' लिहिलं, कारण सगळेच तसं लिहीत होते.

पोहण्याच्या तलावातलं सगळं एका दिवसात उरकलं. आठही जण तळाशी गुडघे टेकून ओळीत बसायचे, सर एकेकासमोर येऊन कौशल्य करून दाखवायचे, विद्यार्थ्याने ते करून दाखवायचं, की सर पुढच्यासमोर. ताईला मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढणं जमेना. मास्कमध्ये नाकही असतं. पाणी शिरलं की तोंडाने श्वास चालू असूनही मेंदू हडबडतो. ती दोनदा उसळून वर आली. तिसऱ्या वेळी कसंबसं झालं. सरांनी अंगठा आणि तर्जनी जोडून 'ओके' केलं आणि ते पुढे सरकले. नंतर काठावर म्हणाले, "समुद्रात सवयीने होईल."

तिसऱ्या दिवशी समुद्रात दुसऱ्या डाइव्हला उतरताना दोनेक मीटरवरच तिचा डावा कान मोकळा झाला नाही, म्हणजे आतला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाएवढा झाला नाही. तिने हात हलवून कानाकडे बोट दाखवलं. सरांनी लांबून 'ओके' केलं, ते तिला दिसलं नाही. सहायकाने तिचा हात धरून तिला खाली नेलं. गट पुढे निघाला होता. सहा मीटरच्या आसपास कानात असह्य कळ आली, त्याच वेळी मास्कमध्ये पाणी आलं, आणि ती हात सोडवून सरळ वर सुटली.

ती ओरडत वर आली. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या ओरडण्यानेच बहुधा ती वाचली. पृष्ठभागावर दाब १ बार असतो, सहा मीटरवर १.६. तिथे फुप्फुसं भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलं, तर आतली हवा १.६ पट व्हायला बघते आणि तिला जागा नसते. सव्वा मीटर खोलीवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते. स्कूबाचा पहिला नियम 'श्वास कधीही रोखू नका' हा आहे, तो याचसाठी. किंचाळताना तिचा श्वास बाहेर पडत राहिला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मध्यकर्णाला दाबाची इजा झाल्याचं सांगितलं. पडदा फाटला नव्हता, पण आत रक्त साकळलं होतं. काही आठवडे पाणी बंद.

खरी अडचण कोणती

पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी या प्रसंगाला एकच नाव दिलं: ताई घाबरली. मी स्वतः तिला म्हणालो, "तू घाबरलीस, म्हणून झालं." ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एका संध्याकाळी आम्ही ते तीन दिवस क्रमाने लिहून काढले. प्रत्येक ठिकाणी तिला काय दिसलं, काय ऐकू आलं, काय सांगितलं गेलं, एवढंच. चौथ्या-पाचव्या ओळीला मी विचारलं, "सरांनी खूण केली तेव्हा तू पाहिलं नाहीस?" ती म्हणाली, "अरे, मला चष्म्याशिवाय तीन मीटरवरची बोटं दिसतात का?"

तिला साधा मास्क दिला होता. नंबर कुणी विचारला नव्हता. पाण्याखाली बोलता येत नाही, तिथे सगळा संवाद हाताच्या खुणांचा. म्हणजे तिच्या प्रशिक्षकाचा प्रत्येक शब्द तिच्यासाठी धूसर होता. आणखी विचारल्यावर कळलं की हवेच्या गेजवरचा आकडाही तिला नाकापाशी आणल्याशिवाय वाचता येत नव्हता, म्हणून ती तो वाचतच नव्हती. हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. डॅन या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी २००८ साली ९४७ मृत्यूंचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. ज्या घटनांत सुरुवात कुठून झाली हे सापडलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ती हवा अपुरी पडण्यापासून झाली होती. गेज वाचता न येणारी विद्यार्थिनी तीन दिवस एका कोर्समध्ये होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

यादी पुरी झाली तेव्हा तिच्यात भीती सर्वांत शेवटच्या ओळीवर होती. तिच्याआधी खोटी भरवलेली प्रश्नावली होती, न विचारलेला चष्मा होता, अर्धवट जमलेलं मास्कचं कौशल्य होतं, आणि कान न उघडताही खाली ओढणारा हात होता. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी थांबायला हवं होतं आणि कुणीच थांबलं नव्हतं. तीसुद्धा नाही, कारण थांबायचा हक्क आपल्याला आहे हे तिला वाचनातून माहीत असलं तरी कुणी ते तिच्याकडून करून घेतलं नव्हतं.

समोरचे पर्याय

सोडून देणं हा पर्याय पहिल्यापासून होता आणि त्यात काही कमीपणा नव्हता. ताईने तो बाजूला ठेवला. "कान बरा झाला की मग ठरवू, आत्ता रागात नको," असं तिचं म्हणणं.

पहिल्याच सरांचा निरोप आला होता: दोनच डाइव्ह बाकी आहेत, या, पूर्ण करून देतो, कार्ड (कोर्स पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र) मिळेल. निरोपात आपुलकी होती, आणि ते माणूस म्हणून वाईट नाहीत हे मी अजूनही म्हणेन. पण कान कसा आहे हे त्यांनी विचारलं नव्हतं. कौशल्यं पक्की झाली नसताना कार्ड मिळणं म्हणजे तिने पुढे कुठेही जाऊन, त्या कार्डाच्या भरवशावर, १८ मीटरपर्यंत उतरायची मुभा घेणं. आम्ही नम्रपणे नकार कळवला.

मीच तलावात शिकवावं, असंही एकदा बोलणं झालं. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मला डाइव्ह करता येते म्हणजे शिकवता येतं, ही तर पहिली चूक होती. तीच पुन्हा करायची, आणि या वेळी माझ्या हाताने?

मग प्रश्न आला कोर्स चालवणाऱ्या आणि कार्ड देणाऱ्या संस्थेचा. परिचयातल्या एकाने ठासून सांगितलं की अमुक संस्थेचा कोर्सच घ्या, बाकीच्यांत राम नाही. यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि त्यातला बहुतेक वाया गेला. पॅडी १९६६ पासून आहे, एसएसआय १९७० पासून, बीएसएसी १९५३ पासून आणि सीमास १९५९ पासून. प्रत्येकीची घडण वेगळी. बीएसएसी आणि सीमासची परंपरा क्लबांची, पॅडी आणि एसएसआयचा कोर्स बहुधा डाइव्ह सेंटरमधून होतो. पण प्राथमिक पातळीला काय यायला हवं याची आंतरराष्ट्रीय चौकट, आयएसओ २४८०१, आता सगळ्यांसमोर आहे. मास्कमधलं पाणी काढणं, जोडीदाराच्या रेग्युलेटरवरून (सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या साधनावरून) श्वास घेणं, सावकाश वर येणं हे सगळीकडे शिकवतात. ते कितीदा करून घ्यायचं आणि जमलं नाही तर काय करायचं, हे मात्र त्या दिवशी पाण्यात उभ्या असलेल्या माणसावर ठरतं. म्हणून आम्ही कार्डावरचं चिन्ह बघणं सोडलं आणि माणूस शोधायला लागलो.

तीन प्रशिक्षकांशी बोलणं

आम्ही तिघांशी बोललो. तिघांनाही घडलेलं सगळं सांगितलं, फक्त पहिल्या सरांचं नाव सोडून. प्रश्न ताईने स्वतः तयार केले होते. त्यातला एक मला फार आवडला: "तुम्ही अलीकडे कुणाला थांबवलंत, आणि का?"

पहिल्याने हसून सांगितलं, "माझ्याकडे कुणी नापास होत नाही." तो हे अभिमानाने सांगत होता. ताईने वही मिटली.

दुसरे गृहस्थ वयाने मोठे, वीसहून अधिक वर्षं शिकवणारे. त्यांनी प्रश्नांची उत्तरं नीट दिली. ऑक्सिजनचा संच बोटीवर कुठे असतो, रेग्युलेटरची देखभाल शेवटची कधी झाली, बोटीवर वर थांबणारा माणूस कोण, हे त्यांना आठवावं लागलं नाही. मी मनातून त्यांनाच निवडून टाकलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "ताईंना मी घेणार नाही. माझे सगळे गट सहाचे असतात आणि वेळापत्रक घट्ट असतं. त्यांना मोकळा वेळ असलेलं कुणीतरी हवं." आणि त्यांनी एक नाव सुचवलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जो आदर आहे तो वाढतोच आहे.

त्यांनी सुचवलेल्या बाई दोन वर्षांपूर्वीच प्रशिक्षक झाल्या होत्या. डाइव्ह सुमारे तीनशे. मी बिचकलो. पॅडीसारख्या संस्थेत प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसायला १०० नोंदवलेल्या डाइव्ह आणि डायव्हर म्हणून किमान सहा महिने एवढंच लागतं, म्हणजे पदवी मिळाली तरी माणूस नवखा असू शकतो, हे मला ठाऊक होतं. हजारो डाइव्हवाल्याकडे असं झालं, तर तीनशेवालीकडे काय होईल?

पण ताईशी बोलताना त्यांचा पहिला प्रश्न होता, "चष्मा किती नंबरचा आहे?"

दुसरा, "डॉक्टरांनी पुन्हा पाण्यात जायला लेखी परवानगी दिली आहे का?" आणि ताईने विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "हो म्हणू नका. आधी माझा एक वर्ग बघून जा."

तलावाच्या काठावर

हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा दीड तास होता, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

चार विद्यार्थी होते. त्यांतल्या एका मुलाला मास्कचं कौशल्य जमत नव्हतं, अगदी ताईसारखंच. बाईंनी त्याला खाली नेलंच नाही. छातीएवढ्या पाण्यात उभं केलं, मास्क काढून कपाळावर ठेवायला लावला, रेग्युलेटर तोंडात आणि चेहरा पाण्यात. बस. नाकाला पाणी लागत असताना तोंडाने श्वास घ्यायचा, इतकंच काम. तो दोन श्वासांत वर आला. त्या हसल्या नाहीत आणि समजूतही घातली नाही. "दोन झाले. आता तीन," म्हणाल्या. तीन, मग पाच, मग पूर्ण एक मिनिट. त्यानंतर मास्क घालून थोडंसंच पाणी, मग अर्ध्यापर्यंत, मग पूर्ण. या सगळ्याला पाऊण तास लागला. तोपर्यंत उरलेले तिघे सहायकाबरोबर तळाला न टेकता अधांतरी तरंगायचा सराव करत होते. कुणी रिकामं बसलं नव्हतं आणि कुणी त्या मुलाकडे बघतही नव्हतं.

वर्ग संपल्यावर त्यांनी एका दुसऱ्याच विद्यार्थिनीला बाजूला घेतलं. सगळी कौशल्यं तिने केली होती. पण त्या म्हणाल्या, "तुझा श्वास अजून घाईचा आहे. समुद्राची तारीख आज ठरवू नको." ती मुलगी नाराज झाली. तारीख ठरली नाही.

घरी येताना ताई म्हणाली, "यांच्याकडे."

तरीही कागद तपासले. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रशिक्षक क्रमांक टाकला की त्या व्यक्तीला आत्ता शिकवायची मुभा आहे की नाही ते दिसतं. मुभा होती. विमाही दाखवला. न राहवून मी पहिल्या सरांचाही क्रमांक टाकून पाहिला. तिथेही सगळं चोख होतं. ही तपासणी वगळू नये, पण तिच्यातून काय कळतं आणि काय नाही, ते मला त्या दिवशी नीट समजलं.

काय केलं

कोर्सचा झालेला भाग एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे नेता येतो, तशी सोय आहे. ताईने ती नाकारली. शून्यापासून सुरुवात. प्रश्नावली खरी भरली, सायनससमोर 'हो', कानासमोर 'हो', आणि डॉक्टरांची तपासणी होऊन सही झाली. नंबरच्या काचांचा मास्क घेतला. पहिल्यांदा तो घालून तलावात उतरल्यावर ती वर आली ती हसत: "अरे, पलीकडच्या भिंतीवरच्या फरशा दिसतात!"

कानासाठी बाईंनी पद्धत पूर्ण बदलली. पाण्याचा दाब सर्वांत झपाट्याने बदलतो तो वरच्या थरात. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २, म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच दुप्पट. त्यामुळे कान वरच मोकळे करायला लागायचे. उतरण्याआधी एकदा, मग दोर धरून, पाय खाली ठेवून, दर हातभर अंतरावर एकदा. दुखायच्या आधी. नाही उघडला तर हातभर वर, पुन्हा प्रयत्न. तरी नाही, तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक दाबून हलकेच फुंकणं आणि नाक दाबून गिळणं, दोन्ही प्रकार तिला घरी कोरड्यात करायला सांगितले.

वजनाचंही तसंच. पहिल्या कोर्सला तिच्या कमरेला नऊ किलो बांधलं होतं. तळाशी गुडघे टेकून बसवायचं असलं की जास्त वजन सोयीचं पडतं, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. तेवढं वजन असलं की तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमध्ये सतत हवा भरावी लागते, माणूस वरखाली होत राहतो आणि दमतो. इथे पृष्ठभागावर जॅकेट रिकामं करून, साधा श्वास घेऊन, पाणी डोळ्यांच्या पातळीला येतं का ते पाहिलं, सिलिंडर रिकामा होताना हलका होतो त्याची भर घातली, आणि पाच किलोवर काम भागलं.

तलावात पाच सत्रं झाली. मग समुद्राचा दिवस आला. मी सुट्टी काढून गेलो होतो. सकाळी लाट होती, पाणी गढूळ, हातभर पलीकडचं दिसेना. बाईंनी पाण्याकडे पाहिलं, दोन मिनिटं बोटवाल्याशी बोलल्या आणि म्हणाल्या, "आज नाही." मला राग आला. शेजारच्या दोन बोटी निघाल्या होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो.

पुढच्या खेपेला पहिल्या दोन डाइव्ह नीट झाल्या. तिसरीला तीन मीटरवर तिचा डावा कान अडला. तिने दोनदा प्रयत्न केला, हातभर वर आली, पुन्हा प्रयत्न केला, आणि मग अंगठा वर केला. पाण्याखाली या खुणेचा एकच अर्थ: वर चला. बाईंनी तीच खूण परत केली आणि दोघी सावकाश वर आल्या. वर कुणी काही विचारलं नाही. बाईंनी वहीत नोंद केली आणि म्हणाल्या, "ही खूण करता येणं हे आजचं कौशल्य होतं." राहिलेल्या डाइव्ह दुसऱ्या दिवशी झाल्या, सर्वांत खोल १२ मीटर.

निष्पत्ती

ताईला कार्ड मिळालं. त्यानंतर तिच्या १४ डाइव्ह झाल्या आहेत, त्यांपैकी दोन तिने स्वतः अंगठा वर करून मधेच थांबवल्या. पुढच्या पातळीचा कोर्स तिने अजून केलेला नाही आणि घाईही नाही. पाण्याखाली ती माझ्याहून स्थिर असते, आणि हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. तिची हवा माझ्याआधी संपत नाही, यावरून मला ते दिसतं.

याचं सगळं श्रेय दुसऱ्या प्रशिक्षिकेला द्यावं का? तसं करणं बरोबर होणार नाही. दुसऱ्या वेळी ताईला दिसत होतं, कानावर उपचार झालेले होते, गट लहान होता आणि तिला सिद्धान्त आधीच येत होता. पहिल्या सरांना हीच विद्यार्थिनी या अवस्थेत मिळाली असती तर कदाचित कोर्स पार पडला असता. पण चष्म्याचा प्रश्न विचारायला लहान गट लागत नाही.

वेळ मात्र पहिल्या कोर्सच्या तिप्पट लागला. ज्यांना सुट्टीच्या चार दिवसांत कोर्स बसवायचा असतो त्यांना हे परवडणारं नाही. त्यांना मी एवढंच सांगतो की वाचन आणि तलावातला भाग घराजवळ, सवडीने करा, आणि प्रवासात फक्त समुद्रातल्या डाइव्ह ठेवा.

वेगळं काय करता आलं असतं

मी नाव सुचवण्याआधी "मी यांना शिकवताना पाहिलं आहे का?" हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. उत्तर 'नाही' होतं. तेवढं जरी ताईला सांगितलं असतं तरी तिने वर्ग बघायची मागणी केली असती. डाइव्हची संख्या मी आता विचारतो, पण शेवटी. बुडालेल्या जहाजात जायचं असेल तर मला आजही तेच पहिले सर हवेत.

कोर्सआधी एखादी चाचणी डाइव्ह घेता आली असती. अशा परिचयाच्या डाइव्हची मर्यादा १२ मीटर असते आणि ती प्रशिक्षकाच्या हाताखालीच होते. प्रशिक्षक नवख्याशी कसा वागतो ते त्या एका तासात कळलं असतं. आणि केंद्राशी नव्हे, तर माणसाशी ठरवायला हवं होतं: पाण्यात माझ्याबरोबर कोण असेल, त्यांचं नाव लेखी द्या. पहिल्या वेळी नाव सरांचं होतं, हात मात्र सहायकाच्या हातात होता.

ताईच्या मते तिचीही एक जागा चुकली. प्रश्नावलीवर खोटं 'नाही' लिहिताना तिला खटकलं होतं. "तिथेच उठले असते तर पुढचं काहीच झालं नसतं," असं ती म्हणते. मला हे पटतं आणि पटतही नाही. आठ अनोळखी माणसांत, पहिल्याच सकाळी, उठून उभं राहायला जे लागतं ते मागायचं कुणाकडून? पण एका बाबतीत आम्ही दोघेही चुकलो. प्रश्नावली खोटी भरून घेतली जाते, हे संस्थेला आम्ही दोन महिन्यांनी कळवलं. संस्थांकडे तक्रारीची व्यवस्था असते आणि त्यासाठीच असते. मधल्या काळात त्या तलावात आणखी किती जणांनी 'नाही' लिहिलं असेल, हा विचार मला सोडत नाही.

आता ताईच्या सोळा वर्षांच्या मुलाला शिकायचंय. त्या बाई दुसरीकडे गेल्या, म्हणून शोध पुन्हा सुरू झाला. गेल्या रविवारी ताई एका नव्या प्रशिक्षकाचा वर्ग बघायला दोन तास तलावाच्या काठावर बसून आली. मी फोन करून विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण सगळ्यांना सगळं पहिल्याच झटक्यात जमलं. कुणाला जमत नसेल तेव्हाचा एक वर्ग बघायचाय. पुढच्या रविवारी पुन्हा जाते."